किल्लीचा स्विच आणि १२४ मृत्यू

प्रश्न : अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमधला किल्लीचा स्विच सदोष होता, एवढंच वाचनात आलं. चालती गाडी बंद पडली तर माणसं दगावतात कशी? आणि एअरबॅग का उघडल्या नाहीत?

उत्तर : शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन या गाड्यांच्या स्विचमध्ये एक स्प्रिंग आणि तिच्यावर बसलेली बारीक दांडी असते. किल्ली फिरवताना हाताला ‘टक्’ जाणवतं ते ही दांडी खाचेत बसल्यामुळे. किल्ली फिरवायला १५ ते २५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागला पाहिजे, असं कंपनीनेच ठरवलं होतं. प्रत्यक्षात ४ ते १०च पुरायचा. जुडगा जड असला, गुडघा लागला किंवा चाक खड्ड्यात आदळलं, की किल्ली ‘रन’वरून (इंजिन चालू असतानाची जागा) ‘ॲक्सेसरी’वर (इंजिन बंद, फक्त रेडिओसारख्या वस्तू चालू) घसरायची आणि इंजिन बंद पडायचं. स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला जोर पुरवणारा बूस्टर एक-दोनदा साथ देतो, मग पेडल दगडासारखं लागतं.

तरीही अंगातला जोर लावून गाडी वळवता, थांबवता येते. नेमक्या याच कारणाने अभियंत्यांनी हा दोष सुरक्षेच्या नव्हे, ग्राहकाच्या सोयीच्या खात्यात टाकला. ‘ॲक्सेसरी’वर एअरबॅगची वीजही तुटते, हा धागा त्यांनी जोडलाच नाही. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. एकदा ‘सोय’ म्हटलं की दुरुस्तीचा खर्च परवडतो का, एवढाच हिशेब उरतो.

प्रश्न : तक्रारी येत असूनही गाड्या परत बोलवायला २०१४ का उजाडलं?

उत्तर : डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना सूचना गेली : ग्राहकाला जुडग्यातलं ओझं काढायला सांगा आणि मागेल त्याच्या किल्लीच्या डोक्यात एक तुकडा बसवून द्या. त्या तुकड्याने लांबट फटीच्या जागी गोल भोक व्हायचं. फटीत कडी टोकाकडे सरकते, तरफेची लांबी वाढते आणि तेवढंच ओझं किल्लीला जास्त पीळ देतं. उपाय बरोबर होता, पण वरवरचा.

एप्रिल २००६ मध्ये दांडी १०.६ऐवजी १२.२ मिलिमीटरची करायला मंजुरी मिळाली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. कारखान्यात हे अक्षम्यच. क्रमांक तोच म्हटल्यावर जुना भाग आणि नवा भाग कागदावर एकच. नंतरच्या गाड्यांत अपघात का कमी झाले, हे कंपनीच्या तपासनीसांनाही वर्षानुवर्षं उमगेना. अखेर जॉर्जियातल्या एका दाव्यात फिर्यादीच्या तज्ज्ञाने दोन्ही स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक उघडा पडला.

प्रश्न : शिक्षा कोणाला झाली?

उत्तर : तुरुंगात कोणीही गेलं नाही. मे २०१४ मध्ये वाहनसुरक्षेच्या केंद्रीय नियामक संस्थेने (एनएचटीएसए) ३.५ कोटी डॉलर दंड केला. तेव्हाच्या कायद्यात याहून जास्त करताच येत नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरले आणि खटला स्थगित ठेवण्याचा करार झाला; अटी पाळल्यावर आरोप मागे घेतले गेले. सदोष गाडी विकणं हाच गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा नव्हता, त्यामुळे व्यक्तींवर आरोप ठेवता आले नाहीत. ही पळवाट आजही आम्हाला अस्वस्थ करते. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

२००९च्या दिवाळखोरीत जनरल मोटर्सचा कारभार नव्याने उभ्या केलेल्या कंपनीकडे गेला, तेव्हा ‘जुन्या’ कंपनीची देणी ‘नव्या’ कंपनीवर येणार नाहीत असं ठरलं होतं. या प्रकरणात ती ढाल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने बऱ्याच अंशी काढून घेतली : गाडीमालकांना दोषाची सूचनाच दिली नव्हती, मग त्यांचा हक्क कसा बुडेल?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत जुनी गाडी घेत आहे. काय तपासावं?

उत्तर : विंडशील्डखाली, चालकाच्या बाजूला १७ अक्षरांचा ‘विन’ क्रमांक असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. तसं वाटलं तर तो एक किंवा शून्य समजा. हा क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की न झालेली रिकॉलची (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्याची) दुरुस्ती दिसते. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यावर ती आधी करून देण्याची केंद्रीय सक्ती नाही, म्हणून पैसे देण्याआधीच पाहा. रिकॉल गाडीला लागू असतो, मालकाला नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही त्या कंपनीचा अधिकृत डीलर ती फुकट करून देतो. मात्र रिकॉल जाहीर होताना गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षांहून जास्त झाली असतील, तर फुकट दुरुस्तीची सक्ती नसते. काम झालं की कागदावर रिकॉलचा क्रमांक लिहून घ्या.