क्रूझवर कला सादर करायला जाताना: वाचकांचे प्रश्न

क्रूझ जहाजांवर वादक, गायक किंवा नर्तक म्हणून काम करू पाहणाऱ्यांच्या पत्रांतून पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

मी गिटार वाजवतो. लग्नसमारंभ, ऑर्केस्ट्रा अशी कामं बरीच केली आहेत. कोणतंही गाणं कानानं उचलतो. क्रूझवर काम मिळेल का? – एक वाचक, नाशिक

मिळू शकेल, पण कोणत्या बँडसाठी अर्ज करता यावर सगळं अवलंबून आहे.

मुख्य थिएटरमध्ये वाजवणारा तो शोबँड. त्यात साधारणपणे पियानो, बास, ड्रम्स, गिटार आणि जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन असतात. दर काही दिवसांनी नवा पाहुणा गायक किंवा जादूगार बोटीवर येतो. दुपारी त्याच्यासोबत जेमतेम एक तालीम होते आणि त्याच संध्याकाळी पाऊण तासाचा शो असतो, तोही बहुधा दोनदा, कारण जेवणाच्या दोन पंगती असतात. गाणं ऐकून बसवायला वेळच नसतो. त्यामुळे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) समोर येताच वाजवता आलं पाहिजे. ऑडिशन व्हिडिओ कॉलवर होते. चार्ट, म्हणजे वाजवायच्या तुकड्याची स्वरलिपी, थोडाच वेळ आधी पाठवतात आणि क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून वाजवायला सांगतात. आपल्याकडचे गिटारवादक कॉर्डची अक्षरं सहज वाचतात. अडतात ते ब्रास सेक्शनच्या जोडीनं एकेक स्वर वाजवायची लिहिलेली ओळ आली की. रोज दोन न पाहिलेली पानं मेट्रोनोमवर वाजवा, आणि चूक झाली तरी थांबू नका. एखादा स्वर चुकला तर निभावतं. थांबून मागे गेलात की बँड पुढे निघून जातो, आणि परीक्षक नेमकं तेच पाहत असतात. स्विंग, बोसा नोव्हा आणि फंक या तीन बाजांचा हात बसलेला हवा.

तुमच्या कानाचं खरं चीज पार्टी बँडमध्ये होईल. तिथे शक्यतो चार ते सहा जणांचा बसलेला संच घेतात. पाऊण-पाऊण तासाचे चार सेट एका रात्रीत वाजवावे लागतात. गेल्या पाच दशकांतली इंग्रजी गाणी आणि ती स्वच्छ उच्चारात गाणारा गायक, दोन्ही आवश्यक. मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’सारख्या जहाजावर मात्र हिंदी गाणी जास्त लागतात. डेमो पाठवताना स्टुडिओत सजवलेलं रेकॉर्डिंग नको. एका टेकमध्ये, हात आणि चेहरे दिसतील असं चार-पाच गाण्यांचं चित्रीकरण करा, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिटाचं.

एजंट नोकरी लावून देण्यासाठी दोन लाख मागतो आहे. द्यावेत का? कागदपत्रं कोणती लागतात? – एक वाचक, कोल्हापूर

देऊ नका. भारतानं २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार (मूळ करार २००६ चा) नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही, आणि बोटीवर नेमलेले वादक-गायकही या करारात खलाशीच धरले जातात. वैद्यकीय तपासणी, सीडीसी (खलाशाची ओळखपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. व्हिसाचा खर्च मालकाचा. ‘प्रोसेसिंग’, ‘ट्रेनिंग’, ‘डिपॉझिट’ असं काहीही नाव दिलं तरी ती नोकरीचीच फी आहे. एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, हे त्या खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून स्वतः तपासा. एजंटनं दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

कागदांचा क्रम असा: पासपोर्ट, इंडोस क्रमांक (भारतीय खलाशांच्या नोंदणीचा), एसटीसीडब्ल्यू या खलाशी-प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम (समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता आणि जहाजाची सुरक्षा), मान्यताप्राप्त डॉक्टरची तपासणी, मग सीडीसी. इंडोस क्रमांकाशिवाय अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत नाही, म्हणून तो आधी. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजासाठी सी-वन/डी हा क्रूसाठीचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी कंपनीचं पत्र हवं. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. आमचा आग्रह असा की आधी ऑडिशन द्या. निवड होण्यापूर्वी पासपोर्टपलीकडे खर्च करू नये.

हलत्या बोटीवर नाचताना काय वेगळं होतं? मला एसटीतसुद्धा मळमळतं. – एक वाचक, पुणे

पुष्कळ जहाजांत मुख्य थिएटर नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या, टोकाला असतं. लाटांवर बोटीची टोकंच सर्वांत जास्त वर-खाली होतात, मध्यभाग सर्वांत कमी. बाजूंना बसवलेले स्टॅबिलायझरचे पंख डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पण ही पुढची-मागची उसळी त्यांना फारशी आवरत नाही. म्हणून केबिनमध्ये काही जाणवत नसतानाही रंगमंच हलत असतो.

खरा धोका उडीत आहे. तुम्ही हवेत असताना जमीन वर आली तर पाय अपेक्षेआधी टेकतो, गुडघा सरळच राहतो आणि सगळा धक्का सांध्यावर बसतो. जमीन खाली गेली तर जास्त उंचीवरून पडल्यासारखं होतं आणि घोटा मुरगळतो. गिरक्यांत वेगळीच अडचण. अंधाऱ्या प्रेक्षागृहात क्षितिज दिसत नाही. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आतला कान सांगतो हलतंय, आणि शरीर तिरकं पडतं. यासाठी चांगल्या संचात प्रत्येक नाचाची खवळलेल्या समुद्रासाठीची आवृत्ती आधीच बसवलेली असते. उड्यांच्या जागी पावलं, दोनऐवजी एक गिरकी, उचलून घेण्याच्या हालचाली रद्द, टाचा कमी उंचीच्या. हवेतल्या दोऱ्या-झुल्यांचे खेळ सगळ्यात आधी बंद होतात. ब्रिजवरून (जहाज चालवण्याच्या कक्षातून) वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज आला की स्टेज मॅनेजर आणि डान्स कॅप्टन निर्णय घेतात. ‘मला जमेल’ असं म्हणत मूळ आवृत्तीचा हट्ट धरू नका. तुम्ही घसरलात तर शेजारचीही पडते.

बोट लागण्यावरची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, समुद्र खवळण्याआधी घ्यायची असते. मात्र प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी झोप येते आणि तोल जातो. ती घेऊन नाचणं धोक्याचं. जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून दोन-तीन पर्याय घरीच घेऊन पाहा. बहुतेकांचं शरीर काही दिवसांत सरावतं.

तबला आणि हार्मोनियम नेणार आहे. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, रत्नागिरी

कोकणातल्या दमट हवेची तुम्हाला सवय असेल, बोटीवर उलटी पंचाईत होते. आत एसीची कोरडी हवा, डेकवर खारा दमटपणा, आणि वाद्य दिवसातून दोनदा एकातून दुसऱ्यात जातं. दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ओलावा धरते आणि स्वर उतरतो, कोरड्या हवेत ती आवळते आणि स्वर चढतो. वारंवार असं झालं की शाईला (पुडीवरच्या काळ्या थराला) तडे जातात. डग्गा-तबला एसीच्या झोताखाली ठेवू नका. शोच्या तासभर आधी रंगमंचावर नेऊन झाका आणि दिवे लागल्यावर शेवटचं सुरात लावा. वाद्याच्या खोक्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवतात. जादा पुड्या, वादी आणि गट्टे सोबत असू द्या, भूमध्य समुद्रात ते कुठेही मिळणार नाहीत. हातोडी विमानात चेक-इन सामानातच टाका. डेकवर वाजवल्यावर हार्मोनियमचा भाता रिकामा हलवत ठेवू नका, खारी हवा आत ओढली जाऊन आतल्या सुरांच्या पट्ट्या (रीड्स) गंजतात.

तबल्याचं खोड शिसवी असेल तरी घाबरू नका. शिसवाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवूडला मात्र ती नाही. जुन्या सतारीवर किंवा तंबोऱ्यावर हस्तिदंती नक्षी असेल तर ते वाद्य घरीच ठेवा.

सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. जहाजाच्या वीजव्यवस्थेत तो तापून पेट घेऊ शकतो.

मुलगी गायिका म्हणून जाते आहे. गाणं फक्त संध्याकाळी, मग दिवसभर काय? आणि पगारावर कर लागतो का? – एक पालक, सावंतवाडी

ती नोंदणीकृत क्रूमध्ये असेल तर आपत्कालीन कामही तिच्याकडे असतं: जिन्यावर उभं राहून प्रवाशांना वाट दाखवणं, जमण्याच्या ठिकाणी हजेरी घेणं, लाइफ जॅकेट घालून दाखवणं. २०१२ मधल्या कोस्टा कॉन्कॉर्डिया दुर्घटनेनंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून प्रवाशांची ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. क्रूच्या कवायती वेगळ्या, बहुधा सकाळी. रात्री उशिरापर्यंत गाणाऱ्यांना नेमक्या त्याच जड जातात. विश्रांती मात्र नियमानं ठरलेली आहे: २४ तासांत किमान १० तास, त्यातले ६ सलग, आणि आठवड्याला ७७. हे तास नोंदले जातात. खोट्या नोंदीवर सही करू नको, असं तिला आत्ताच सांगून ठेवा. केबिन बहुधा दोघींत एक आणि बिनखिडकीची असते.

पोट बिघडलं तर तिनं लगेच कळवावं, लपवू नये. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू बोटीवर झपाट्यानं पसरतो आणि सॅनिटायझर त्यावर पुरेसा नाही, साबणानं हात धुवावे लागतात.

कराचं: परदेशी जहाजावर काम करताना आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर ती अनिवासी ठरू शकते आणि त्या पगारावर इथे सहसा कर लागत नाही. सहा महिन्यांचा करार जानेवारी ते जून असा आला की दिवस दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात आणि कुठल्याच वर्षी अट पुरी होत नाही. सही करण्याआधी चढण्याची तारीख सीएला दाखवा.