‘मन दुखतं’ यातलं दुखणं खरं की लाक्षणिक?

प्रश्न नागपूरच्या एका शिक्षिकेचा आहे. वर्गात शब्दशक्ती शिकवताना त्यांनी लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घेण्याचं, उदाहरण म्हणून ‘मन दुखतं’ दिलं. एका मुलानं हटकलं, “मॅडम, मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन्ही दुखणी एकाच जागी दिसतात म्हणे. मग मन खरंच दुखते ना! लक्षणा काऊन?” बाईंना हवाय निवाडा : वाच्यार्थ (सरळ अर्थ) की लक्ष्यार्थ (लक्षणेनं आलेला अर्थ)?

मुलाचा निकाल मला मान्य आहे, त्याचा साक्षीदार, म्हणजे स्कॅन, मात्र नाही.

आधी साक्षीदाराकडे बघू. मुलानं ऐकलेलं बहुधा 2003 सालच्या प्रयोगाबद्दल असावं. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूतल्या हालचालीचं चित्र काढणारा स्कॅनर) झोपवून पडद्यावर चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळानं बाकीचे दोन ‘खेळाडू’ आपसातच चेंडू फेकू लागतात, यंत्रातल्या माणसाकडे टाकतच नाहीत. (खरं तर ते दोघे नसतातच, संगणकच खेळत असतो.) असं वगळलं गेल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातल्या सिंग्युलेट पट्ट्यात हालचाल वाढलेली दिसली. शारीरिक वेदनेतही तो पट्टा सक्रिय असतो. झालं, ‘मनाचं दुखणं म्हणजे शरीराचंच दुखणं’ असा गवगवा झाला.

पण यंत्राला दुखणं दिसत नाही, रक्त दिसतं. प्राणवायू असलेलं आणि प्राणवायू गमावलेलं हिमोग्लोबिन चुंबकक्षेत्रात वेगळं वागतं. सेइजी ओगावा यांनी 1990च्या सुमारास हा फरक प्रतिमेत पकडला आणि त्यावर सगळा डोलारा उभा आहे. एखादा भाग कामाला लागला की तिथलं रक्त वाढून शिगेला पोचायला चार-सहा सेकंद लागतात आणि प्रतिमेतल्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी मावतात. लाल-पिवळा रंग तर आकडेमोडीनंतर संगणक भरतो. ‘मेंदूचा भाग उजळला’ हे बातमीतलं वाक्यच मुळात लक्षणा आहे!

शिवाय तो सिंग्युलेट पट्टा चूक झाल्यावर, गोंधळात पडल्यावर, लक्ष एकवटल्यावरही जागा होतो. नागपुरात सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात गर्दी दिसली म्हणून ती सगळी खापरीलाच चालली असं कोण म्हणेल? तिथं हिंगण्याकडचा मार्गही मिळतो. जागेवरून मनातली गोष्ट ओळखण्याच्या या उलट्या अनुमानावर रसेल पोल्ड्रॅक यांनी 2006 साली नेमकं बोट ठेवलं. पुढे 2014मध्ये छूंग-वान वू, टोर वेगर आणि सहकाऱ्यांनी नुसती जागा न बघता तिथल्या हालचालीची नक्षी तपासली. हाताला दिलेला चटका आणि सोडून गेलेल्या जोडीदाराचा फोटो, दोन्हींच्या नक्ष्या वेगळ्या निघाल्या. म्हणजे ‘जागा एक, म्हणून अनुभव एक’ हा सिद्धान्त स्कॅननंच लंगडा केला. स्कॅनचा खरा उपयोग मला इथं दिसतो : सिद्धान्तानं आधी काहीतरी ठाम सांगावं, मग यंत्रानं त्याला अडचणीत आणावं.

आता शब्दाकडे. ‘दुखणे’ आलं ‘दुःख’वरून, आणि संस्कृतात दुःख शरीराचंही असतं, मनाचंही. सांख्य दर्शनाच्या परंपरेत तर आध्यात्मिक, म्हणजे आपल्या स्वतःतूनच उपजणाऱ्या, दुःखाचे शारीर आणि मानस असे दोन प्रकारच केलेत. म्हणून ‘मन दुखतं’ हा माझ्या मते वाच्यार्थ. मराठीनं पुढे वाटणी केली. ‘मला दुःख झालं’ म्हटलं की मनाचंच. नुसतं ‘दुखून रायलं’ म्हटलं की डॉक्टर विचारणार, कुठं? पण वाटणी अर्धवट राहिली. दुखणाईत अंथरुणावर असतो आणि दुखवटा मनाचा असतो. खेळताना गुडघा दुखावतो, लग्नात मानपान चुकला की व्याही दुखावतात. ठणकणं मात्र दाताकडेच राहिलं, मन काही ठणकत नाही.

तेव्हा बाई, लक्षणेसाठी ‘त्याचं बोलणं मला झोंबलं’ हे उदाहरण घ्या. सावजी रस्सा जिभेला झोंबतो, बोलणं मनाला. मुलांना लगेच कळेल. मात्र तो हटकणारा मुलगा विचारेल याची तयारी ठेवा : झोंबणं म्हणजे मुळात अंगाला भिडणं, झोंबाझोंबीतलं. म्हणजे रश्श्याचं झोंबणंही लक्षणाच.