वॉरंटीतल्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड गेम खेळताना ९० अंशांवर जातं. स्वतः उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलू का?

नको, कार्डाचा हीटसिंक, म्हणजे चिपवरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग, अजिबात उघडू नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की सर्व्हिस सेंटरवाल्याला हात झटकायला कारण मिळतं.

आधी कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम वीस मिनिटं खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कार्ड बिचारं ठीक आहे, हवा कोंडतेय. मी घोडबंदर रोडला राहतो. समोर टॉवरचं काम चालू होतं तेव्हा दोन महिन्यांत पुढच्या जाळीवर राखाडी धुळीची अक्षरशः गादी बसली होती. जाळी काढून धुतली, पूर्ण वाळवून लावली. कार्डाच्या पंख्यांवर ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. पीसी भिंतीला किंवा टेबलाच्या कप्प्यात चिकटून असेल तर बाहेर काढा.

काच काढूनही फरक नाही? मग एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सर्वात तापलेल्या जागेचं तापमान बघा. साध्या तापमानापेक्षा तो २५-३० अंशांनी जास्त असेल तर पेस्ट किंवा हीटसिंकची बसणी बिघडलेली असू शकते. कार्ड थंड असताना पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बरीच कार्डं तशीच बनवलेली असतात. पण गेममध्येही एखादा फिरत नसेल तर तो दोषच.

तापमानाचे स्क्रीनशॉट, बंद पंख्याचा व्हिडिओ, बिल आणि सीरियल नंबरचा फोटो घेऊन तक्रार लेखी करा, ईमेलवरच. तोपर्यंत आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा) ८० टक्के ठेवा. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.