खडकच का, आणि तोच खडक का?

प्रश्न : आदिमानवाने सपाट खडक सोडून भेगाळलेल्या, उंचसखल खडकांवर चित्रं का काढली? चांगला दगड मिळत नव्हता का?

उत्तर : बऱ्याचदा मिळत होता, अगदी शेजारीच. पण खडक म्हणजे कोरी पाटी, असं त्यांनी मानलेलं दिसत नाही. स्पेनमधल्या आल्टामिरा गुहेच्या छताला नैसर्गिक फुगवटे आहेत आणि रंगवलेल्या बायसनची अंगं नेमकी त्यांवर बसवली आहेत. बाजूने तिरका उजेड टाकला की खांदा, पोट, पुठ्ठा उठून दिसतात. माझ्या मते चित्रकाराला जनावर आधी दगडात दिसलं, रंग नंतर आला.

दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगांमध्ये सान या तिथल्या मूळ शिकारी लोकांच्या चित्रांत काही प्राणी भेगेतून अर्धेच बाहेर आलेले आहेत. सान लोकांच्या श्रद्धा १८७०च्या दशकात त्यांच्याच तोंडून नोंदवल्या गेल्या. त्या नोंदींच्या आधारे पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी मांडलं, की खडकाचा पृष्ठभाग हा या जगातला आणि आत्म्यांच्या जगातला पडदा होता. मला हे पटतं, कारण इथे माणसांची साक्ष आहे.

नॉर्वेतल्या आल्टा या ठिकाणी अशी साक्ष नाही. तिथे होड्या आणि रेनडिअर समुद्रकाठच्या खडकांवर कोरले. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली, म्हणून सर्वांत जुनी शिल्पं आज सर्वांत उंचावर आहेत. किनारा सरकला तसे कोरणारेही खाली सरकत गेले, हजारो वर्षं. पाण्याची कड त्यांना महत्त्वाची होती, एवढं खात्रीने म्हणता येतं. तिथल्या देवाचं नाव मात्र कुणी सांगू लागलं, तर पुरावा मागा.