गाळा राहू द्या, आधी तो हप्ता थांबवा

धायरीच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४४, मिस्टर ४५, चाकणला खाजगी कंपनीत, हातात ५८ हजार येतात. घराचा हप्ता १९ हजार, अजून सात वर्षं. मुलगी बारावीला. ताई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, बाळांची दुपटी करतात आणि महिन्यातून दोन रविवार घरच्या हॉलमध्ये गोधडीची कार्यशाळा घेतात. त्यांना जवळच एक गाळा मिळतोय, भाडं १८ हजार, डिपॉझिट दीड लाख. शिवाय ७० हजारांचं मशीन आणि ८० हजारांचं फर्निचर, म्हणजे सगळे मिळून ३ लाख, आणि तेवढ्याचीच एफडी आहे, ती मोडू का असा प्रश्न आहे. खाली एक ओळ अशी: "बाकी भविष्याची काळजी नाही, आई गेल्यावर आलेल्या ६ लाखांतून बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन करून दिलाय, वर्षाला दीड लाख, १० वर्षांनी २७ लाख मिळतील, त्यात मुलीचं शिक्षण-लग्न होईल. दोन हप्ते भरलेत, जुलैचा तिसरा गाळ्याच्या कमाईतून निघेल."

ताई, तुमचा प्रश्न गाळ्याचा आहे पण मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकले.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. त्यावर दोन आकडे शेजारी शेजारी आहेत, प्रीमियम भरायची मुदत १० वर्षं आणि पॉलिसीची मुदत २० वर्षं. म्हणजे १० वर्षं फक्त भरायचंय, पैसे मिळणार २०व्या वर्षी, २०४४ साली. तेव्हा मुलगी पस्तिशी ओलांडून गेलेली असेल. तिच्या शिक्षणाला पैसे लागणार यंदापासून, त्यामुळे या प्लॅनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता व्याज बघू. दीड लाख दहा वेळा भरून दहाव्या वर्षाअखेर २७ लाख हवे असतील तर साडेदहा टक्के हमीचं व्याज लागेल, ते या देशात कुठलीच विमा कंपनी देत नाही, आणि बँकेत बसलेल्या माणसाला हे नक्की माहीत असतं. २० वर्षांनी २७ लाख म्हणजे वर्षाला चार टक्केसुद्धा पुरते नाहीत. तेच दीड लाख तेवढीच वर्षं पीपीएफमध्ये टाकले असते (सरकारची बचत योजना, दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, दीड लाख हीच वर्षाची कमाल मर्यादा, १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षं वाढवता येतं) तर २० वर्षांनी ४४ लाख झाले असते. २७ आणि ४४. आईच्या पैशांत हा फरक पडलाय म्हणून मला राग येतोय, तुमच्यावर नाही, आई जाऊन दोन महिने झालेल्या बाईला "एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त" असं सांगून सही घेणाऱ्यांवर.

आणि याहून मोठी गोष्ट. आईचे होते ६ लाख, हप्ता दीड लाखाचा. सहाला दीडने भागलं की चार. चार वर्षांचे पैसे हातात असताना तुमच्याकडून दहा वर्षांचा करार करून घेतला, पाचवा हप्ता कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. तुम्हाला ते आतून कुठेतरी टोचत असणार, कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला दिसतंय की गाळा तुम्हाला कार्यशाळेसाठी कमी आणि हप्त्यासाठी जास्त हवाय. तुमच्या हॉलमध्ये आठ बायका बसतात, जागा पुरते, तुम्हीच लिहिलंय की "घरात बसून शिकायला सगळ्यांना आवडतं". मग महिना साडेबारा हजार जास्तीचे कुठून आणायचे, तर गाळ्यातून, असं ते आलंय.

तर जुलैचा हप्ता भरू नका. पण रागाच्या भरात सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडण्याचा, फॉर्मही भरू नका, इथे बरेच लोक दुसऱ्यांदा मार खातात. तुमची पॉलिसी जुलै २०२४ ची, म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ च्या नव्या सरेंडर नियमांच्या आधीची. दोन हप्ते भरून सरेंडर केली तर किमान हमी भरलेल्या पैशाच्या ३० टक्के, म्हणजे ३ लाखांचे ९० हजार. त्याऐवजी पेड-अप करता येते, म्हणजे पुढे भरायचं नाही आणि जेवढं भरलंय त्या प्रमाणात मुदतीनंतर मिळतं. दहापैकी दोन हप्ते, म्हणजे २७ लाखांचा पाचवा हिस्सा, ५ लाख ४० हजारांच्या आसपास, तेही २०४४ मध्येच. ९० हजार आज घेऊन पीपीएफमध्ये १८ वर्षं ठेवले तर तीन लाखच होतात. म्हणून पेड-अप बरी. मात्र काही प्लॅनमध्ये मूळ रकमेवर मिळणारी भर पेड-अपला मिळत नाही, त्यामुळे कंपनीकडून पेड-अप आणि सरेंडर दोन्हीचा आकडा ईमेलवर लेखी मागवा, बँकेतल्या मॅडमचं तोंडी ऐकू नका.

"तीन लाख भरलेत, आता सोडायचं कसं" हे तुम्ही म्हणणार, सगळेच म्हणतात. म्हणून फक्त पुढचं गणित करा. उरलेले आठ हप्ते म्हणजे १२ लाख भरून तुम्हाला जास्तीचे मिळणार साधारण २१ लाख ६० हजार. तेच १२ लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये गेले तर २०४४ ला ३३ लाख होतात. आणि तुमच्याकडे ते १२ लाख नाहीतच, हे तर वेगळंच.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल तर ते ऑटो-डेबिट जूनमध्येच बंद करा आणि बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा, नाहीतर पैसे गेल्यावर ते परत मिळवताना नाकी नऊ येतील.

फसवून विकल्याची तक्रारही करा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे, सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं कार्यालय पुण्यातच नारायण पेठेत आहे, फी नाही, वकील लागत नाही. तुम्ही लिहिलंय की विमा कंपनीचा व्हेरिफिकेशनचा फोन आला तेव्हा मॅडम शेजारी बसून "सगळ्याला हो म्हणा" सांगत होत्या. तो फोन रेकॉर्ड झालेला असतो आणि तोच तुमच्याविरुद्ध वापरतील, म्हणून तुमच्याकडे त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज असतील, ज्यात एफडीचं नाव काढलंय किंवा १० वर्षांत २७ लाख लिहिलंय, ते आजच सेव्ह करा. यश येईलच असं मी सांगत नाही, पण तीन लाख पूर्ण परत मिळायची शक्यता असलेला हा एकच रस्ता आहे, त्यामुळे पेड-अपचं काही सही करण्याआधी तक्रार टाका.

अजून एक. त्या पॉलिसीत १५ लाखांचं विमा कवच आहे, ते तुमच्या आयुष्यावर. घर मिस्टरांच्या पगारावर चालतं आणि त्यांच्या नावावर कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सशिवाय काही नाही. त्यांचा एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) काढा, वर्षाला पंचवीसेक हजार येईल, तंबाखू असेल तर जास्त, आणि फॉर्मवर ते खरं लिहा. कंपनीचं मेडिक्लेम ३ लाखांचं आहे ते नोकरीसोबत जातं, म्हणून घरचं वेगळं १० लाखांचं फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच मेडिक्लेम, घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढी तरी बचत आहे.

आता एफडी. घरखर्च ३० हजार आणि हप्ता १९, म्हणजे महिना ४९ हजार. ३ लाख म्हणजे बरोबर सहा महिने. ही एफडी तुमचा आणीबाणीचा पैसा आहे आणि चाकणमध्ये कधी कुठली लाइन बंद होईल सांगता येत नाही, हे मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मोडायची नाही.

मग गाळ्याचं उत्तर मिळालंच, पण तुमचं काम मला इतकं आवडलंय की त्यावर थोडं बोलतेच. तुम्ही लिहिता महिन्याला १८ हजार कमावते. ताई, ती विक्री आहे. दोन कार्यशाळा, आठ-आठ बायका, ७०० रुपये फी, ११,२०० आले, त्यातून सुई-दोरा-कापडाचं किट आणि चहा-नाश्ता वजा केलं की ८ हजार राहतात. मोठी गोधडी ३,५०० ला, सामान ६००, राहिले २,९००. तीन दुपटी, त्यातून ३ हजार. एकूण १४ हजारांच्या आत. वाईट अजिबात नाही, पण तास मोजा. मोठ्या गोधडीला तुम्हीच ७० तास सांगितलेत, कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे तासाला ४१ रुपये. दुपट्याला तासाला ८० च्या वर. आणि कार्यशाळेचे तयारीसकट आठ तास धरले तरी तासाला ५००. तुमचा पैसा शिकवण्यात आहे, आणि शिकवायला मशीन लागत नाही. मशीनची गोधडी बाजारात स्वस्तात ढिगाने मिळते, तुमच्याकडे लोक येतात ते हातच्या टाक्यासाठी, त्यामुळे ते ७० हजारांचं मशीन तर पहिलं काढून टाका.

गाळा घेतला तर भाडं, लाइट, साफसफाई धरून २२ हजार. एका बाईमागे तुम्हाला सुटतात ५००, म्हणजे ४४ बायका फक्त गाळ्यासाठी, आजचे ८ हजार टिकवायला अजून १६, आणि पॉलिसीचा हप्ता काढायचा म्हणलं तर अजून २५. झाल्या ८५. आज येतात १६. तुम्ही लिहिलंय की इन्स्टाग्रामवर तीन हजार फॉलोअर आहेत त्यामुळे भरेल, पण त्यातले किती जण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून धायरीला चार तासांसाठी येतील? ग्रुपवर वीस जणी "येणार" म्हणतात तेव्हा आठ येतात हा तुमचाच अनुभव आहे. आणि हे काम बारा महिने सारखं नसतं, दिवाळीआधी आकाशकंदिलाच्या वेळी गर्दी, डिसेंबर बरा, एप्रिल-मेमध्ये मुलांची शिबिरं, बाकी पावसाळाभर कधी सहा जणी तर कधी तीन. भाडं मात्र जुलैतही १८ हजारच.

त्याऐवजी तुमच्याच पत्रात एक चांगली गोष्ट लपलीय. तुम्ही म्हणता सोसायटीत एक जण क्रोशे शिकवते, एक काकू कसुती भरतात, एक जण जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवते, आणि तुम्ही एकमेकींना फुकट शिकवता. तर चौघी मिळून महिन्यातून एक रविवार क्लब हाउस किंवा जवळच्या शाळेचा वर्ग घ्या, अर्ध्या दिवसाचे दीड-दोन हजार पडले तरी वाटून प्रत्येकीला पाचशे. एकीकडे आलेली बाई दुसरीचं काम बघते आणि पुढच्या वेळी तिच्याकडे नाव नोंदवते, यासाठी जाहिरातीला एक रुपया लागत नाही. घरचे दोन रविवार चालू ठेवा. आपापली जुनी साडी आणा असं सांगा, किटचा खर्च कमी होतो आणि आईची साडी घेऊन आलेली बाई अर्धवट सोडून जात नाही, ती उरलेलं शिकायला परत येते. मोठी गोधडी विकण्यासाठी शिवू नका, लोकांच्या घरच्या साड्यांची ऑर्डर घ्या, ७ हजार सांगा, निम्मे आधी. कुणी नाही म्हणालं तर म्हणू द्या, ते ७० तास तुमचे आहेत. यंदा भीमथडी जत्रेत दोघी-तिघींनी मिळून स्टॉल मिळतो का बघा, किती लोक बघतात याचा अंदाज येईल.

तुमच्या पत्रातला तो एजंट, जो उद्यम नोंदणी (लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी) आणि मुद्रा लोन ६ हजारांत करून देतो म्हणतोय, त्याला नको सांगा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवर होते, पूर्ण फुकट. मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत, तारण नाही, थेट बँकेत जाऊन मागता येतं. आत्ता तुम्हाला तेही लागत नाही. लागतं ते एक वेगळं बचत खातं, कार्यशाळेचा क्यूआर कोड त्यावर, आणि सामानाचा खर्चही त्यातूनच, म्हणजे महिन्याअखेर खरी कमाई दिसेल. आत्ता सगळं मिस्टरांच्या खात्यावर जातंय आणि भाजीत मिसळतंय.

पगारातून सुटणारे ९ हजार आणि तुमचे १४, यातून दोन्ही विम्यांचे महिना साडेचार-पाच हजार जातील. मुलीच्या कॉलेजची फी याच उरलेल्यातून, त्यासाठी सध्या दुसरं काही शोधू नका. त्यानंतर जमेल तेवढं पीपीएफ, जास्तीत जास्त दीड लाख, पण ५०० रुपये भरले तरी वर्ष चुकत नाही. कमी आलेल्या वर्षी कमी भरता येतं, तुमच्या पॉलिसीत ती सोय नाही.

गाळेवाल्याला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. पाच-दहा हजार दिले असतील तर मागून बघा, नाही मिळाले तर सोडून द्या, त्यापायी करार करू नका. कंपनीकडून पेड-अपचा लेखी आकडा आला की मला पाठवा, तो साडेपाच लाखांपेक्षा बराच कमी निघाला तर सरेंडरचं गणित पुन्हा मांडू, जुलैच्या तारखेनंतर हप्त्यासाठी ३० दिवसांचा ग्रेस, म्हणजे वाढीव मुदत, असतो, तेवढा वेळ आपल्याकडे आहे.