घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस कोणता टाकावा, विकतचा की फुकटचा, आणि तो नीट बसवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, वडील त्यावर नेट बँकिंग करतात, धाकटा भाऊ गेम उतरवतो, दुकानदार म्हणतो हजार-बाराशेचा अँटीव्हायरस टाका आणि मित्र म्हणतो कशाला, फुकटचा टाक. कोणाचं ऐकायचं?

सध्या दोघांचंही नको. अँटीव्हायरस तुमच्या मशीनमध्ये आधीच बसलेला आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो, वेगळा टाकावा लागत नाही. त्याआधी एक्सपी आणि ७ च्या काळात तसं नव्हतं, म्हणून दुकानात विंडोज मारली की पाठोपाठ अँटीव्हायरसचा खोका काउंटरवर यायचा. ती सवय अजून सुटलेली नाही, आणि त्या खोक्यावर दुकानदाराला चार पैसे सुटतात हेही आहेच. त्यात वाईट काही नाही, त्याचा धंदा आहे. आपल्याकडे तर या गरजेतूनच पुण्यात एक मोठी कंपनी उभी राहिली. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायची टूल्स लिहिली, त्यातून क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आलं. पेन ड्राइव्ह लावला की मशीन गेलंच असं समजायचे ते दिवस होते, तेव्हा विकतचा अँटीव्हायरस चैन नव्हता. आज घरगुती वापराला डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त तो खरोखर चालू असायला हवा. बहुतेक घरांत गडबड तिथंच असते.

म्हणून आधी हे बघा. स्टार्टवर क्लिक करून ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा, ते उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथं दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं नाव दिसत असेल, तर कधीकाळी कोणीतरी टाकलेला किंवा नव्या मशीनसोबत आलेला ट्रायल अजून आत बसलाय. मुदत संपलेला ट्रायल ही सगळ्यात वाईट अवस्था. त्याला नवे अपडेट मिळत नाहीत आणि कधीकधी तो डिफेंडरलाही जागा करून देत नाही. सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन तो अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. काही अँटीव्हायरस जाताना सामान मागे ठेवून जातात. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी आपापलं काढायचं टूल साइटवर ठेवलेलं असतं, ते चालवलं की उरलंसुरलं निघतं. जुना गेला की डिफेंडर आपोआप जागा घेतो.

आता ‘मॅनेज सेटिंग्ज’. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन, ही तिन्ही बटणं चालू हवीत. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असेल तर एखादा प्रोग्राम तुमच्या परस्पर डिफेंडर बंद करू शकत नाही. मग त्याच पानावर अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे, ते उघडायला विसरू नका. डिफेंडरनं काय तपासायचं नाही, त्याची यादी इथं असते. तुमच्या घरी ती रिकामी असायला हवी. क्रॅक केलेल्या गेमसोबत जी सूचनांची फाइल येते तिच्यात पहिली ओळ बहुतेकदा हीच असते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा किंवा हा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाका’. मुलं बिचारी सांगितलं तसं करतात. कधीकधी तर एक फोल्डर नाही, आख्खा सी ड्राइव्हच त्या यादीत सापडतो. वॉचमन ठेवायचा आणि त्याला सांगायचं की बाबा, बिल्डिंगकडे तेवढं बघू नकोस, असा तो प्रकार. तिथं जे काही असेल ते काढून टाका आणि त्यानंतर फुल स्कॅन लावा. रात्री लावून झोपलात तरी चालेल, जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतो.

स्कॅनमध्ये काही सापडलं, काढलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सापडलं, तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ऑफलाइन स्कॅन वापरा. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आतच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे. उघड्या फाइली आधी सेव्ह करा.

दोन सेटिंग्ज लोक बघतच नाहीत. एक, ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आणि त्याखाली नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा पर्याय. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर टाकला आणि सोबत तीन टूलबार आले, हे यानं बरंच थांबतं. दुसरं, ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस. हे सेटिंग मुळात बंद असतं. चालू केलंत की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही बदलता येत नाही. थोडा वैताग होतो, जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा गेम सेव्ह करताना अडतो. तेव्हा घाबरून हे सेटिंगच बंद करू नका, त्या एका प्रोग्रामला तिथूनच परवानगी द्या.

सगळं झाल्यावर अँटीव्हायरस खरंच जागा आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. आयकार नावाची चाचणीची फाइल मिळते, आयकार संस्थेच्या साइटवर. ६८ अक्षरांची साधी ओळ आहे ती, काहीही बिघडवत नाही, पण बहुतेक अँटीव्हायरसवाल्यांनी ठरवून तिला व्हायरस मानलेलं आहे. ती उतरवायला गेलात आणि लगेच आरडाओरडा झाला तर समजा पहारा चालू आहे. काहीच झालं नाही तर परत पहिल्या पायरीवर या.

विकतचा कधी घ्यावा? अडचण आली की फोन उचलून मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगणारं कोणी हवं असेल, मुलांच्या वापरावर वेळेचं आणि साइटचं बंधन हवं असेल, किंवा दोन-चार मशीन आणि फोन एकाच लायसन्सवर बसवायचे असतील, तर घ्या. त्यात पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. फक्त बसवताना क्रम पाळा. आधी जुना काढा, रीस्टार्ट करा. सेटअप कंपनीच्या साइटवरूनच उतरवा, तोही पत्ता स्वतः टाइप करून, कारण सर्चमध्ये सर्वांत वर येणारी लिंक जाहिरात असू शकते. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट नेक्स्ट’ न मारता प्रत्येक पानावरच्या टिका बघा, ब्राउझर बदलणं आणि जास्तीची टूल्स तिथंच गळ्यात पडतात. बसल्यावर आधी अपडेट, मग रीस्टार्ट, मग फुल स्कॅन. शेवटी पुन्हा विंडोज सिक्युरिटी उघडून नव्या अँटीव्हायरसचं नाव तिथं दिसतंय याची खात्री करा. पैसे कार्डानं भरले असतील तर खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल लगेच बंद करा. पहिल्या वर्षीचा भाव सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षी खात्यातून कापले जातात ते पूर्ण भावानं.

दोन अँटीव्हायरस एकदम ठेवायचे नाहीत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये हात घालतात, मशीन रांगायला लागतं आणि कधी एकमेकांच्याच फाइली व्हायरस म्हणून पकडतात.

मित्राच्या फुकटवाल्या सल्ल्याबद्दल. फुकट म्हणजे वाईट असं नाही, पण कंपनीला पैसे कुठून तरी मिळवायचे असतात. अवास्टनं आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यावरून १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर आधीच असताना दुसरा फुकटचा टाकून नेमकं काय मिळवायचं, हे मला कळत नाही.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण त्याहून महत्त्वाची गोष्ट. तुमची विंडोज १० आहे. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरस ओळखायचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, त्यामुळे वरवर सगळं हिरवं दिसेल. पण खुद्द विंडोजमधली भोकं बुजवायचं काम थांबलं की अँटीव्हायरस एकटा पुरा पडत नाही. २०१७ मधला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आठवतोय? त्यानं वापरलेल्या भोकाचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, हल्ला मे महिन्यात झाला. ज्यांनी अपडेट टाकला नव्हता ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यातही तेच भोक वापरलेलं होतं, आणि त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला.

त्यामुळे विंडोज ११ बसते का ते बघा. त्यासाठी मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं अ‍ॅप हे एका मिनिटात सांगतं. बसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर त्याचे पैसे पडत नाहीत.

आणि हो, विंडोज ओरिजिनल आहे ना? दुकानदारानं अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज चालू करणारं टूल) चालवून दिलेली असेल तर वरचं सगळं करूनही पायाच कच्चा. असल्या अ‍ॅक्टिव्हेटरला चालायलाच अँटीव्हायरस बंद लागतो, मग त्या वेळात आणखी काय आत आलं हे कोणी सांगावं? अशा मशीनवरून नेट बँकिंग करू नये, एवढंच म्हणेन.

भावाचं काय करायचं? त्याला वेगळं खातं काढून द्या. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’, तिथं नवं खातं काढायचं आणि प्रकार ‘स्टँडर्ड यूजर’ ठेवायचा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याला सांगायचा नाही. मग विंडोजच्या मुळाशी हात घालणारं काहीही टाकायला गेला की पासवर्ड मागितला जातो आणि तो तुमच्याकडे येतो. भांडणं होतील आठवडाभर. तसंच फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवा. ‘बिल डॉट पीडीएफ’ म्हणून दिसणारी फाइल कधीकधी प्रत्यक्षात ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असते, ते शेपूट मग दिसायला लागतं.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह हा अजूनही जिवंत त्रास आहे. घरी लावला की सगळ्या फोल्डरवर छोटा बाण, म्हणजे शॉर्टकट. त्यावर डबल क्लिक करू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन करा. फाइली बहुतेकदा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा, तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टम फाइली लपवायची टिक काढा. तुमच्या फाइली दुसरीकडे कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारा आणि ती टिक परत लावा.

वडिलांना दोन गोष्टी दाखवून ठेवा. खाली उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा अँटीव्हायरस संपला, लगेच रिन्यू करा’ असं येत असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरसही नसतो आणि अँटीव्हायरसही नसतो. कधीतरी एखाद्या साइटनं विचारलेल्या नोटिफिकेशनला ‘अलाऊ’ म्हटलं गेलेलं असतं. नीट बघितलं तर त्या चौकटीत बारीक अक्षरांत क्रोमचं आणि त्या साइटचं नाव असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी साइट तिथून काढून टाका. दुसरी गोष्ट, पूर्ण स्क्रीन लाल होऊन भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर दिसतो, ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’ म्हणून. मायक्रोसॉफ्ट असा नंबर दाखवत नाही. फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर काढायचा आणि ब्राउझर बंद करायचा. फोन केलाच, तर पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतो आणि मग वडील स्वतःच्या हातानं ओटीपी देतात, त्याला जगातला कुठलाही अँटीव्हायरस अडवू शकत नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. उशीर जितका कमी, तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

दुकानदारानं सांगितलेले हजार-बाराशे मात्र वाचवून खिशात घालू नका. त्यात थोडी भर घालून बाहेरची हार्ड डिस्क आणा. घरचे फोटो, वडिलांची कागदपत्रं, बहिणीचं कॉलेजचं काम असेल तर तेही, महिन्यातून एकदा तिच्यावर कॉपी करा आणि झालं की वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढायची हे महत्त्वाचं, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतो.

प्रोसेसरचं नाव आणि मॉडेल नंबर कळवलात तर तुमच्या मशीनवर विंडोज ११ बसेल का ते सांगतो. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये तो दिसेल.