‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’मधला सांधा नेमका कुठे आहे?

तुम्ही विचारलंय की ट्रॅफिक या इंग्लिश रॉक बँडच्या ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ (१९७०) या अल्बमला सगळे ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) आणि इंग्लिश लोकसंगीताचा मिलाफ म्हणतात, पण ऐकताना पाच गाणी एका बँडची आणि शीर्षकगीत भलत्याच कुणाचं वाटतं, मग मिलाफ आहे कुठे? सुरुवातीची दोन-तीन वर्षं मलाही असंच वाटायचं. मी ते एक गाणं वेगळं काढून ऐकायचो, आणि चूक तिथेच होत होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा अल्बम मुळात ट्रॅफिकचा नव्हताच. ब्लाइंड फेथ हा बँड मोडल्यावर ट्रॅफिकचा गायक स्टीव्ह विनवूड स्वतःचा एकल अल्बम करायला बसला होता. या अल्बममधलं ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’ हे गाणं त्याच काळातलं. त्यातली सगळी वाद्यं एकट्या विनवूडने वाजवली आहेत. मग जिम कपाल्डी आणि ख्रिस वुड हे जुने साथीदार आले आणि बँड पुन्हा उभा राहिला. शीर्षकगीत आणलं वुडने. इंग्लंडमधल्या हल शहराच्या द वॉटरसन्स या गायकमंडळींनी १९६५ साली ‘फ्रॉस्ट अँड फायर’ या अल्बमवर ते वाद्यांशिवाय गायलं होतं, ते त्याच्या कानात बसलेलं होतं.

आता गाण्याकडे या. बार्ली म्हणजे आपला सातू. तो इथे माणूस झालाय. तीन जण त्याला मारायची शपथ घेतात, नांगरून मातीत गाडतात, वरून ढेकळं टाकतात. पाऊस पडतो आणि हा डोकं वर काढतो! मग त्याला दाढी येते (सातूच्या कणसाची कुसळं पाहिली असतील तर ही दाढी लगेच डोळ्यांसमोर येते). मग त्याला गुडघ्यात कापतात, कमरेला बांधून पेंढी करतात, गाडीत घालतात, काठ्यांनी झोडपतात, आणि शेवटी दळणारा त्याला दोन दगडांमध्ये भरडतो. एवढं सोसून तो दारू होऊन पेल्यात उतरतो आणि सगळ्यांना पुरून उरतो. शेतकामाचं एकेक पाऊल जसंच्या तसं आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो तो खुनाच्या वर्णनाने. सतराव्या शतकापासून हे गाणं इंग्लंडमध्ये छापलं जातंय.

या गाण्यात ड्रम सेट नाही, बास गिटार नाही. बोटांनी छेडलेली गिटार, वुडची बासरी, थोडा पियानो, कपाल्डीची खंजिरी आणि त्याचा जोडीचा आवाज. आणि विनवूड सरळ गातो. सगळा मुद्दा या सरळपणात आहे. अठराव्या वर्षी ‘गिम्मी सम लव्हिन’ गाणारा हा मुलगा. ब्लूजमधला तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी लोंबणारा स्वर त्याच्या गळ्यात मुरलेला. ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’मध्ये तो स्वर मनसोक्त ताणतो. बार्लीकॉर्नमध्ये तोच गळा आवरून धरलेला आहे. एवढी क्रूर हकिगत, आणि सांगणारा आवाज कुठेही चढवत नाही.

माझ्या मते सांधा इथे आहे. बारा बारच्या (दर बारमध्ये चार मात्रा) आवर्तनातला ब्लूज घ्या किंवा इंग्लिश पोवाडा घ्या (पोवाडाच म्हणतो, कथागीत म्हटलं की त्यातला जोर जातो), दोन्हीकडे चाल तीच राहते आणि कडव्यामागून कडवं येत राहतं. चाल बदलायची सोय नसल्यामुळे गाणाऱ्याला शब्दाच्या वजनावर, श्वासावर, जोडीच्या आवाजावर गोष्ट पुढे न्यावी लागते. हे कसब विनवूडने ब्लूजमध्ये कमावलं आणि लोकगीतात वापरलं. म्हणून बाहेरच्या माणसाने हौसेने म्हटलेलं लोकगीत असं ते वाटत नाही.

दुसरा धागा वुडच्या बासरीचा. याच अल्बममधल्या ‘फ्रीडम रायडर’मध्ये ती फुंकर टाकत, जॅझच्या अंगाने धावते. बार्लीकॉर्नमध्ये ती गायकाच्या ओळी संपण्याची वाट पाहते. वुड १९८३ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे गाणं त्याच्या कानाची देणगी आहे.

या अल्बमला प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, प्रयोगशील रचनांचा रॉक) म्हणावं का, यावर मी वाद घालणार नाही. ‘ग्लॅड’ हे सात मिनिटांचं वादन शेवटी संथ होत थेट ‘फ्रीडम रायडर’मध्ये मिसळतं, एवढं मला पुरतं.

आता एक करा. आधी द वॉटरसन्सचं गायन ऐका. मग अल्बमची दुसरी बाजू न थांबता लावा: ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’, लगेच ‘बार्लीकॉर्न’, आणि त्यानंतर ‘एव्हरी मदर्स सन’. त्या शेवटच्या गाण्यात हॅमंड ऑर्गन उसळतो तेव्हा मधल्या सहा मिनिटांत तो गळा किती आवरला होता ते कळेल. हेडफोन लावूनच ऐका. काय वाटलं ते इथे लिहा, मी वाट पाहतोय.